दान यंत्राचे, डागडुजी कोणाची?

आपल्याकडे वस्तू दिली की तिच्यावर नाव घालण्याची रीत आहे. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातील पातेल्यांवर, भिंतीवरच्या घड्याळावर, पंख्याच्या पात्यांवर देणाऱ्याचे नाव असते. कुणी आईच्या स्मरणार्थ दिलेले असते, कुणी पहिल्या पगारातून. या नावांची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. ज्या घरांकडे दोन पिढ्यांपूर्वी देण्यासारखे काहीच नव्हते, त्या घरातील मुलाने शाळेला पंखा दिला, तर पात्यावरील ते नाव म्हणजे एका कुटुंबाच्या वाटचालीची नोंद असते. गेल्या काही वर्षांत देणगीच्या या यादीत संगणक आला. शहरात नोकरीला लागलेले माजी विद्यार्थी गावाकडच्या शाळांना संगणक देऊ लागले. ही अभिमानाचीच गोष्ट आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र त्या संगणकाचे पुढे काय होते, हा आहे.

स्टीलचे पातेले दिले की देणाऱ्याचे काम संपते. पितळेच्या पातेल्याचे तसे नसते, हे आपल्या आजीला पक्के ठाऊक होते. त्याला वेळच्या वेळी कल्हई लागते. कल्हई गेलेले पातेले बाहेरून घासूनपुसून लख्ख दिसते, पण त्यात ठेवलेले ताक कळकते. संगणक हे पितळेचे पातेले आहे. त्यालाही ठरावीक काळाने कल्हई लागते आणि ती कल्हई म्हणजे त्याच्या कार्यप्रणालीचे अद्ययावतीकरण, ज्याला आपण रोजच्या बोलण्यात ‘अपडेट’ म्हणतो. आपण पातेली देत आहोत. कल्हईची व्यवस्था कोणीच करीत नाही. ही उणीव आता केवळ गैरसोयीची राहिलेली नाही, ती मुलांच्या भवितव्याला धोका पोहोचविणारी झाली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम अपडेट म्हणजे काय, हे समजून घेऊ. संगणक अथवा मोबाइल ज्या मूळ आज्ञावलीवर चालतो, तिला ऑपरेटिंग सिस्टीम किंवा कार्यप्रणाली म्हणतात. विंडोज, अँड्रॉइड, लिनक्स ही तिची परिचित नावे. ही आज्ञावली कोट्यवधी ओळींची असते आणि ती माणसांनी लिहिलेली असते, त्यामुळे तिच्यात चुका राहतात. बहुतेक चुका निरुपद्रवी असतात. काही चुका मात्र भिंतीतील फटीसारख्या असतात. त्यांतून परक्याला आत शिरता येते. अशी फट सापडली की कंपनी ती बुजविणारा दुरुस्तीचा तुकडा तयार करून सर्वांना पाठविते. मायक्रोसॉफ्ट कंपनी २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अशा दुरुस्त्या प्रसिद्ध करते. अँड्रॉइडसाठी गूगलने २०१५ पासून मासिक सुरक्षा दुरुस्त्यांची पद्धत सुरू केली. पडद्यावर ‘अपडेट उपलब्ध आहे’ असे येते, तेव्हा अनेकांना वाटते की काहीतरी नवी सजावट आली असेल, नंतर पाहू. प्रत्यक्षात त्यातील मोठा भाग सजावटीचा नसतो, डागडुजीचा असतो.

या डागडुजीची एक विचित्र अडचण आहे. दुरुस्ती प्रसिद्ध होते ती सर्वांसाठी, आणि त्या ‘सर्वां’मध्ये चोरही आले. दुरुस्तीचा तुकडा उलगडून पाहिला की मूळ फट नेमकी कोठे होती, हे जाणकार चोराला कळते. म्हणजे ज्या दिवशी दुरुस्ती जाहीर होते, त्या दिवसापासून दुरुस्त न झालेला संगणक पूर्वीपेक्षा अधिक असुरक्षित होतो. काल फट होती, पण ती फारशी कोणाला ठाऊक नव्हती; आज ती जगजाहीर झाली. म्हणून ‘आजवर काही झाले नाही, यापुढेही होणार नाही’ हा युक्तिवाद येथे टिकत नाही.

हे कल्पनेतले संकट नाही. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका गंभीर फटीची दुरुस्ती प्रसिद्ध केली. एका संगणकाने दुसऱ्याशी फायलींची देवाणघेवाण करावी यासाठी असलेल्या सोयीतच ती फट होती. एप्रिलमध्ये त्या फटीतून शिरण्याचे तयार हत्यारच काही अज्ञात मंडळींनी जगापुढे उघडे केले. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक कुलूपबंद केले. इंग्लंडमधील अनेक रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. दुरुस्ती आणि हल्ला यांत ५९ दिवसांचे अंतर होते. ज्यांनी त्या ५९ दिवसांत आपले संगणक अद्ययावत केले होते, त्यांच्यापुरती ती फट बुजलेली होती.

इतके होऊनही जग पुरते जागे झाले नाही. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा दुसरा प्रोग्राम पसरला, आणि त्याचा फटका आपल्या महाराष्ट्राला बसला. रायगड जिल्ह्यातील न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर आहे. आपल्या राज्यातील द्राक्षे आणि कांदा जहाजाने परदेशी जातो, तो प्रामुख्याने याच बंदरातून. तेथील ‘गेटवे टर्मिनल्स इंडिया’ हे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहातील कंपनी चालवीत होती आणि त्याची क्षमता वर्षाला १८ लाख प्रमाण कंटेनरची होती. मर्स्कच्या जगभरच्या जाळ्यात हा प्रोग्राम शिरला आणि न्हावा-शेव्यातील त्या टर्मिनलचे संगणकही बंद पडले. कोणता कंटेनर कोणाचा, हे सांगणारी व्यवस्थाच थांबली. क्रेन जागेवर होत्या, जहाजे होती, माणसे होती. पण कामे हाताने करण्याची वेळ आली आणि मालमोटारी खोळंबल्या. मर्स्कला पुढे दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. समूहाचे नुकसान पंचवीस ते तीस कोटी डॉलरच्या घरात गेले.

नॉटपेट्या दोन वाटांनी पसरत होता. एक वाट मार्चमध्येच दुरुस्ती निघालेल्या त्या फटीची. दुसरी वाट अशी की, शिरलेल्या संगणकाच्या स्मृतीतून तो पासवर्ड चोरी आणि त्यांच्या आधारे शेजारच्या, अगदी दुरुस्त केलेल्या संगणकातही घुसे. याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. एका खोलीत वीस संगणक एकमेकांस जोडलेले असतील आणि त्यांतील एकोणीस अद्ययावत असतील, तरी विसावा त्या सर्वांना संकटात लोटू शकतो. डागडुजी ही एकट्याची बाब राहत नाही, ती सामुदायिक होते. साथीच्या रोगाचा अनुभव घेतलेल्या आपल्या पिढीला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी.

येथे एक प्रामाणिक आक्षेप निघतो आणि तो टाळणे योग्य होणार नाही. नॉटपेट्या मुळात शिरला तो युक्रेनमधील एका लेखा-कर प्रणालीच्या अपडेटमधूनच. ‘एम.ई.डॉक’ नावाच्या त्या प्रणालीच्या सर्व्हरवर हल्लेखोरांनी आधीच कब्जा मिळविला होता. ग्राहकांनी विश्वासाने अपडेट घेतले आणि त्यासोबत विष घेतले. मग अपडेटवर विश्वास ठेवावा तरी कसा? माझे उत्तर असे : औषधात भेसळ झाल्याची घटना घडते म्हणून आपण औषध सोडत नाही, ते खात्रीच्या दुकानातून घेतो आणि घरात एकाच बाटलीवर विसंबत नाही. दुरुस्ती अधिकृत वाटेनेच घ्यावी, आणि महत्त्वाच्या कागदपत्रांची एक प्रत संगणकापासून वेगळी, न जोडलेली ठेवावी. अपडेट हे कवच आहे, अमृत नव्हे. पण अमृत नाही म्हणून कवच टाकून देणे शहाणपणाचे ठरत नाही.

आता स्वतःबद्दल सांगतो, कारण या लेखामागे माझी एक चूक आहे. मी वसतिगृहात राहून शिकलेला. पुढे संगणकाच्या देखभालीच्या कामातच पोट भरू लागलो. काही वर्षांपूर्वी एका ग्रामीण शाळेला आम्ही मित्रांनी मिळून वापरलेले, पण सुस्थितीतील संगणक दिले. सत्कार झाला, नारळ-शाल झाली, छायाचित्र निघाले. त्यानंतर दोन वर्षे मी तिकडे फिरकलो नाही. एके दिवशी तेथील लिपिक महाशयांचा फोन आला : “सर, कुठलीही फाइल उघडत नाही.” जाऊन पाहिले, तर पेन ड्राइव्हमधून आलेला घुसखोर प्रोग्राम एका संगणकातून खोलीतील सर्व संगणकांत पसरला होता. ज्या फटीतून तो पसरला, तिची दुरुस्ती दोन वर्षे आधीच निघालेली होती. अपडेटची सोय मात्र बंद करून ठेवलेली होती.

ती कोणी बंद केली आणि का, हे कळले तेव्हा माझा राग विरघळला. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता. संकेतस्थळ आधीच मुंगीच्या गतीने चालत होते. ऐन वेळी संगणक अपडेटसाठी आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला आणि पाऊण तास तेथेच अडकला. त्या दिवशी काही मुलांचे अर्ज राहिले. दुसऱ्या दिवशी लिपिकांनी ती सोय कायमची बंद करून टाकली. त्यांच्या जागी मी असतो, तरी हेच केले असते. शिवाय वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, शाळेचे इंटरनेट म्हणजे एका शिक्षकाच्या मोबाइलवरचा दिवसाचा ठरावीक डेटा. काही जीबीचे अपडेट त्यात उतरविणार कसे? ज्याला शहरातील माणूस आळस किंवा अज्ञान म्हणतो, ते पुष्कळदा टंचाईतून घेतलेले व्यवहारी शहाणपण असते. दोष द्यायचाच तर तो यंत्र देऊन पाठ फिरविणाऱ्या माझ्यासारख्याचा.

त्या घुसखोरीत नुकसान काय झाले? संगणक पुन्हा चालू झाले. त्यात फारसे काही बिघडले नाही. पण त्यांत मुलांच्या कागदपत्रांच्या प्रती होत्या : आधार, जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले, बँकेच्या पासबुकाचे पहिले पान. त्या गेल्या. काही पालकांना पुन्हा तहसीलची वाट धरावी लागली आणि प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडाली. एक आई मला म्हणाली, “बाळा, कागूद पुन्हा काढता येतोय, पण हाजरी पुन्हा मिळत न्हाई.” आपल्या समाजात जातीचा दाखला हा केवळ कागद नसतो, प्रवेश, शिष्यवृत्ती, वसतिगृह ही सारी दारे त्या कागदाने उघडतात. तो हरवणे वाईट. तो भलत्याच्या हाती लागणे त्याहून वाईट, कारण आधार क्रमांक आणि बँक खाते यांची जोडगोळी चोराच्या फार उपयोगाची असते. निवासी शाळेच्या कार्यालयातील संगणक म्हणजे शेकडो घरांची ट्रंक आहे. तिचे कुलूप गंजू देणे आपल्याला परवडणारे नाही.

हा प्रश्न आज अधिक तातडीचा झाला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या कार्यप्रणालीच्या विनामूल्य मासिक दुरुस्त्या थांबल्या. तिच्या जागी आलेली विंडोज ११ ही साधारणतः २०१८ पूर्वीच्या संगणकांवर अधिकृतपणे चालत नाही. देणगीतून आलेले संगणक बहुतांशी याच जुन्या पिढीचे असतात. म्हणजे कंपन्या आणि कार्यालये आपले जुने संगणक बदलणार, आणि ते ‘देणगी’ म्हणून गावाकडे येणार. शहराला जे असुरक्षित म्हणून नको झाले, ते आपण सत्कार करून स्वीकारणार काय, हा प्रश्न प्रत्येक शाळेने स्वतःला विचारावा.

जुना संगणक फेकून द्यावा, असे मात्र मी म्हणत नाही. त्याला तीन मार्ग आहेत. पहिला, वाढीव मुदतीच्या दुरुस्त्या विकत घेणे. शैक्षणिक संस्थांसाठी मायक्रोसॉफ्टने संगणकामागे पहिल्या वर्षी एक, दुसऱ्या वर्षी दोन आणि तिसऱ्या वर्षी चार डॉलर असा दर जाहीर केला. वीस संगणकांच्या कक्षाला तीन वर्षांचे हे १४० डॉलर होतात; एका नव्या संगणकाच्या किमतीहून ते कमी आहेत. दुसरा मार्ग, लिनक्ससारखी मुक्त कार्यप्रणाली बसविणे. तिच्या दुरुस्त्या विनामूल्य मिळतात आणि जुन्या यंत्रांवरही ती बरी चालते. आपल्या सी-डॅक या संस्थेने ‘बॉस’ नावाची भारतीय लिनक्स तयार केली आहे. केरळमधील सरकारी शाळा गेली अनेक वर्षे मुक्त कार्यप्रणालीवरच मुलांना संगणक शिकवीत आहेत. तिसरा मार्ग, ज्या संगणकाला यांपैकी काहीच शक्य नाही, त्याला इंटरनेटपासून व इतर संगणकांपासून तोडून केवळ टंकलेखनाच्या सरावासाठी ठेवणे आणि मुलांची कागदपत्रे त्यावर कधीही न ठेवणे.

जे शाळेच्या संगणकाचे, तेच पालकांच्या हातातील मोबाइलचे. भूम तालुक्याचा खवा सर्वदूर प्रसिद्ध आहे. आज तो विकणाऱ्याच्या खात्यात पैसे फोनवरून जमा होतात. ऊसतोडीला गेलेले आई-वडील रात्री फडातून आपल्या लेकराशी फोनवरच बोलतात. हे फोन पुष्कळदा दुसऱ्याच्या हातून आलेले, साठवण भरलेली आणि कंपनीने दुरुस्ती देणे केव्हाच थांबविलेले असे असतात. फोनच्या सेटिंगमध्ये ‘फोनविषयी’ या भागात अँड्रॉइडची माहिती असते आणि तेथे शेवटच्या सुरक्षा दुरुस्तीची तारीख दिसते. ती तारीख वर्षा-दोन वर्षांपूर्वीची असेल आणि नवे अपडेट येतच नसेल, तर त्या फोनवर बोलावे, छायाचित्रे काढावीत. बँकेचे व्यवहार मात्र शक्यतो करू नयेत. घरात एकच फोन असेल तर हा सल्ला कठीण आहे, याची मला जाणीव आहे. निदान त्या खात्यात मोठी रक्कम ठेवू नये, एवढे तरी करता येईल.

आणखी एक सावधगिरी अगत्याची. ‘अपडेट करा’ हे चार लोकांना ठाऊक झाले की भामटेही तेच शब्द वापरू लागतात. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, वाहतुकीचे चलन किंवा ‘बँक ॲप अपडेट’ म्हणून एखादी फाइल येते. ती उघडताच फोनचा ताबा दुसऱ्याकडे जातो. खरे अपडेट संदेशातून येत नाही. ते फोनच्या सेटिंगमध्ये किंवा प्ले स्टोअरमध्येच असते, हा एक नियम घरातील प्रत्येकाला सांगून ठेवावा. फसवणूक झालीच, तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

आता मुख्य मुद्दा. माजी विद्यार्थी बंधू-भगिनींनो, यापुढे आपण शाळांना केवळ यंत्रे देऊ नयेत. यंत्रांची डागडुजी द्यावी. म्हणजे काय करावे? महिन्यातून एक दिवस ठरवावा. दुरुस्त्या दुसऱ्या मंगळवारी निघतात, तेव्हा त्यानंतरचा शनिवार सोयीचा. त्या दिवशी आपल्यापैकी एकाने शाळेत जाऊन, नाही जमले तर एखाद्या शिक्षकाला फोनवर सोबत करून, सर्व संगणक अद्ययावत करावेत. अपडेट एकदा एका संगणकावर उतरवून तेथून इतरांना देण्याची सोय असते. त्यामुळे डेटा वाचतो. अर्ज भरण्याच्या मुदतीआधीच हे काम उरकले, तर ऐन वेळी संगणक बंद पडण्याचा प्रसंग येत नाही. कार्यालयातील कागदपत्रांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती कपाटात कुलूपबंद करावी. एक साधी वही ठेवावी : तारीख, संगणकाचा क्रमांक, काय केले, कोणी केले. आणि शाळेने ठराव करावा की ज्या संगणकाला किमान तीन वर्षे दुरुस्त्या मिळणार आहेत, तोच देणगी म्हणून स्वीकारला जाईल.

कोणी म्हणेल, शिक्षकांवर आधीच कामांचा डोंगर आहे, त्यात हे आणखी कशाला? अगदी खरे. म्हणूनच हे काम शिक्षकांचे नाही, आपले आहे. दहा माजी विद्यार्थ्यांनी वाटून घेतले, तर प्रत्येकाच्या वाट्याला वर्षातून एक किंवा दोन शनिवार येतात. नववी-दहावीतील दोन-तीन मुलांना सोबत घेतले, तर तेही शिकतील. पुढेमागे त्यांतील कोणी याच विद्येवर पोट भरील, जसा मी भरतो.

पुढच्या एखाद्या स्मरणिकेतही देणगीदारांची यादी असेल. पंखे, पातेली, संगणक यांच्यापुढे नावे असतील आणि ती असावीत. त्या यादीत एक ओळ अशीही वाचायला मिळावी, एवढीच माझी इच्छा आहे : ‘संगणकांची मासिक देखभाल, बारा शनिवार’, आणि तिच्यापुढे दहा नावे. त्यांतील एक शनिवार मी माझ्या नावे आजच लिहून ठेवीत आहे.